कर्करोगावर विषाणूंचा उपचार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात इम्युनोथेरपीविषयी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेलाच कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या उपचारांविषयी लिहिताना, प्रयोगशाळेत बदल केलेले विषाणू गाठीत टोचून कर्करोगावर उपचार करता येतो, असा उल्लेख एका वाक्यात केला होता. उरलेल्या सगळ्या लेखावर जितकी पत्रे आली, त्यांहून अधिक त्या एका वाक्यावर आली. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत भीती आहे, आणि काही पत्रे घरात रुग्ण असलेल्या माणसांनी लिहिलेली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : विषाणू पेशीत शिरतो आणि तिला मारतो, हे आम्ही शाळेत शिकलो आहोत. पण निरोगी पेशी कोणती आणि कर्करोगाची कोणती, हे त्याला कसे उमगते? चुकून भलत्याच पेशीत शिरला तर?

उत्तर : भलत्या पेशीत तो शिरतोच. अनेक निरोगी पेशींमध्ये तो जातो. मात्र तेथे त्याची वाढ होत नाही, आणि सगळी मेख त्या न वाढण्यात आहे.

आत विषाणू आल्याचा सुगावा लागला की निरोगी पेशी दोन गोष्टी करते. इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडून ती शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्याच वेळी स्वतःचा प्रथिने तयार करण्याचा कारखाना बंद करते. विषाणूजवळ स्वतःचा असा कारखाना नसतो, त्याला यजमान पेशीच्या कारखान्यावरच विसंबावे लागते; त्यामुळे तो बंद पडला की विषाणूची वाढ जागच्या जागी थांबते. कारखाना बंद करणाऱ्या या यंत्रणेतला एक मुख्य घटक म्हणजे पीकेआर हे प्रथिन. आता, जी यंत्रणा प्रसंगी पेशीची वाढ रोखू शकते, ती कर्करोगाच्या पेशीला अडचणीचीच वाटणार. अनिर्बंध वाढीच्या वाटेवर अशा पेशींतले इंटरफेरॉनचे आणि पीकेआरचे लगाम पुष्कळदा सैल झालेले किंवा तुटलेले असतात. वाढीसाठी सोडून दिलेले हे संरक्षण त्यांना विषाणूपुढे उघडे पाडते.

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स १ हा विषाणू घ्या. (नागीण होते ती याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूमुळे, दोन्हींची गल्लत करू नये.) या विषाणूच्या जनुकसंचात सुमारे १,५२,००० अक्षरजोड्या आहेत, आणि त्यात आयसीपी ३४.५ नावाचे एक जनुक आहे. पेशीने बंद केलेला कारखाना पुन्हा सुरू करून घेणे हे त्या जनुकाचे काम. शास्त्रज्ञांनी नेमके तेच काढून टाकले. चोराजवळची किल्ली काढून घेतली, तर कुलूप शाबूत असलेल्या घरात त्याचे काही चालत नाही. ज्या घराचे कुलूप आधीच मोडलेले आहे, तेथे त्याला किल्लीची गरजच नसते. निरोगी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांत हा बदललेला विषाणू जो भेद करतो, तो असा.

भेद करण्याची हीच एक रीत नाही. पोलिओचा विषाणू ज्या सीडी १५५ या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते अनेक गाठींच्या पेशींवर विपुल असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी पोलिओच्या लशीतील विषाणूचा एक तुकडा काढून तेथे साध्या सर्दीच्या विषाणूचा तुकडा बसवला. त्यामुळे चेतापेशींत वाढण्याची त्याची क्षमता गेली, पण गाठीच्या पेशींत शिरण्याची वाट तशीच राहिली. अडेनोव्हायरस या सर्दी-खोकल्यासारखे आजार करणाऱ्या विषाणूच्या बाबतीत, अखंड विभाजन चालू असलेल्या पेशीतच चालू होणारे जनुकीय बटण विषाणूच्या वाढीच्या जनुकापुढे बसवतात. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. अडेनोव्हायरसमधून ई१बी-५५के हे जनुक काढले की तो केवळ पी५३ हे रक्षक प्रथिन हरवलेल्या पेशींतच वाढेल, असे सुरुवातीला मानले जात होते. विषाणू गाठीत वाढला हे खरे, पण त्यामागचे कारण वेगळेच असल्याचे पुढे आढळले. या क्षेत्रात परिणाम आधी दिसणे आणि त्याचा अर्थ मागाहून लागणे हे वारंवार घडलेले आहे.

प्रश्न : पण शरीरात कोट्यवधी कर्करोगाच्या पेशी असतात. विषाणू एकेक करून त्या सगळ्यांना गाठणार तरी कसा?

उत्तर : तो सगळ्यांना गाठत नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी विषयाच्या गाभ्यालाच हात घातला आहे. सुरुवातीची कित्येक वर्षे संशोधकही विषाणूने फोडलेल्या पेशीच मोजत होते. आज या उपचाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. माझ्या मते विषाणूचे खरे काम गाठ संपवणे हे नसून, इतके दिवस लपून राहिलेली गाठ शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला दाखवून देणे हे आहे.

गाठीची पेशी विषाणूमुळे फुटते तेव्हा तिच्या पोटातली बिघडलेली प्रथिने आसपास पसरतात. एरवी प्रतिकारयंत्रणा त्यांच्याकडे दुर्लक्ष करते, कारण गाठीच्या परिसरात धोक्याची कोणतीही खूण नसते. विषाणूची प्रथिने आणि जनुकद्रव्य ही धोक्याची सर्वांत जुनी खूण आहे. ती दिसताच प्रतिकारपेशी धावून येतात, फुटलेल्या पेशींचे तुकडे उचलतात आणि लसिकाग्रंथींमध्ये जाऊन टी पेशींना, म्हणजे शत्रू ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्यांची ओळख करून देतात. अशी ओळख पटलेल्या टी पेशी रक्तातून फिरत विषाणू कधीही न पोहोचलेल्या गाठींपर्यंत जाऊ शकतात. काही तज्ज्ञ याला गाठीच्या आतच तयार झालेली लस म्हणतात, आणि ही उपमा मला योग्य वाटते.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या टी-व्हेक या औषधातील हर्पिस विषाणूमध्ये म्हणूनच आणखी दोन बदल केलेले आहेत. संसर्ग झालेल्या पेशीला आपल्या आतली प्रथिने पृष्ठभागावर मांडू न देणारे आयसीपी ४७ हे जनुक काढून टाकले आहे, आणि प्रतिकारपेशींना बोलावून त्यांना परिपक्व करणाऱ्या जीएम-सीएसएफ या मानवी प्रथिनाचे जनुक त्यात घातले आहे. परिणामाचे आकडे पाहिले की हे नीट ध्यानात येते. या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे दुसऱ्या उपचाराशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत, ज्या गाठींमध्ये प्रत्यक्ष सुई गेली त्यांपैकी ६४ टक्के गाठी निम्म्याने किंवा त्याहून अधिक आकसल्या. सुई न लावलेल्या त्वचेतील व लसिकाग्रंथींतील गाठींमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होते, तर फुप्फुस, यकृत यांसारख्या आतल्या अवयवांतील गाठींमध्ये १५ टक्के. न टोचलेली गाठ आकसते, याचा अर्थ काम प्रतिकारयंत्रणेने केले आहे. आणि ६४ वरून १५ पर्यंतची घसरण त्या कामाची आजची मर्यादाही दाखवते.

प्रश्न : हे औषध गोळीसारखे घेतात की सलाईनमधून? रुग्णाला नेमके काय केले जाते?

उत्तर : टी-व्हेक थेट गाठीत टोचतात. त्याच्या कुप्या उणे ७० अंश सेल्सियसच्याही खालच्या तापमानात गोठवून ठेवलेल्या असतात, कारण हे औषध जिवंत आहे आणि ऊब लागली की हळूहळू निकामी होऊ लागते. उपचाराच्या दिवशी कुपी साध्या खोलीच्या तापमानात वितळू देतात. ती जोराने हलवत नाहीत, हलकेच गोल फिरवतात. पहिल्या वेळच्या कुपीतला द्रव बऱ्यापैकी पारदर्शक असतो; पुढच्या वेळांचा अधिक गढूळ दिसतो, कारण त्यात विषाणू शंभरपट असतात.

त्वचेवर दिसणाऱ्या किंवा हाताला लागणाऱ्या गाठीभोवती भूल दिली जाते. नंतर सुई एकाच छिद्रातून आत घालून, पूर्ण बाहेर न काढता, पंख्याच्या काड्यांसारखी वेगवेगळ्या दिशांना वळवत औषध सोडतात, म्हणजे गाठीच्या सर्व भागांना ते मिळते. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर तिच्यात ४ मिलिलिटरपर्यंत औषध जाते, अर्ध्या सेंटीमीटरच्या गाठीत जेमतेम ०.१ मिलिलिटर, आणि गाठी कितीही असल्या तरी एका भेटीत एकूण ४ मिलिलिटरच्या वर देत नाहीत. सुई काढल्यावर जागा दाबून धरतात, स्पिरिटने पुसतात, हातमोजे बदलतात आणि हवाबंद पट्टी चिकटवतात. दुसरी मात्रा तीन आठवड्यांनी आणि त्यानंतरच्या मात्रा दर दोन आठवड्यांनी असतात.

मात्रा कशी मोजतात, असेही एका विद्यार्थिनीने विचारले आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीच्या तळाशी जिवंत पेशींचा एक सलग थर वाढवतात आणि त्यावर विषाणूचे अतिशय पातळ केलेले मिश्रण घालतात. काही दिवसांनी थराला जांभळा रंग दिला की सगळी बशी जांभळी होते आणि मध्ये मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोके दिसतात. जेथे एक विषाणू उतरला आणि त्याने आजूबाजूच्या पेशी फोडत नेल्या, तेथे एक भोक. ही भोके मोजायची आणि मूळ मिश्रण किती पातळ केले होते त्यावरून हिशेब करायचा. टी-व्हेकच्या पहिल्या मात्रेत दर मिलिलिटरला दहा लाख, आणि पुढच्या मात्रांत दहा कोटी भोके पाडण्याइतके विषाणू असतात. अशी बशी उजेडासमोर धरल्यावर विषाणू कर्करोगाच्या पेशी खातो म्हणजे काय, हे शब्दांवाचून कळते.

प्रश्न : ही कल्पना नवी आहे का? जोराचा ताप येऊन गेल्यावर कर्करोग बरा झाल्याच्या जुन्या गोष्टी ऐकल्या आहेत. मग मुद्दाम संसर्ग करून घेणे चुकीचे का?

उत्तर : त्या गोष्टींत तथ्य आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतील वैद्य जॉर्ज डॉक यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली; इन्फ्लुएंझासारखा ताप आल्यावर तिच्या रक्तातील बेसुमार वाढलेल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या होत्या. त्या काळी इन्फ्लुएंझाचा विषाणू ठाऊकच नव्हता. १९७१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात युगांडातील आठ वर्षांच्या एका मुलाविषयी लेख आला. त्याच्या डोळ्यापाशी बर्किट लिम्फोमा या कर्करोगाची गाठ होती, आणि अंगावर गोवर उठल्यावर कोणत्याही औषधाशिवाय ती विरघळत गेली.

मुद्दाम संसर्ग करून पाहण्याचे प्रयोगही झाले, आणि त्यांचा इतिहास वाचताना मन विषण्ण होते. १९४९ मध्ये हॉजकिन्स रोग या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांना काविळीचा विषाणू असलेला द्रव देण्यात आला. काहींना थोडा काळ उतार पडला, पण विषाणूजन्य कावीळ हाच एक जीवघेणा आजार आहे. १९५० च्या दशकात वेस्ट नाईल विषाणूसारखे मेंदूज्वर आणू शकणारे विषाणूही रुग्णांना टोचले गेले. गाठ काही आठवडे आकसायची, मग प्रतिकारयंत्रणा विषाणूला हुसकावून लावायची आणि गाठ परत यायची. किंवा विषाणूच रुग्णाला गिळायचा. रुग्णाची संमती हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, त्या अर्थाने तेव्हा तो वापरात नव्हता. केमोथेरपीची औषधे हाती येऊ लागल्यावर हे प्रयोग मागे पडले.

विषय पुन्हा उभा राहिला तो जनुके कापण्या-जोडण्याचे तंत्र आल्यावर. १९९१ मध्ये रॉबर्ट मार्टुझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जनुक काढलेला हर्पिस विषाणू उंदरांमध्ये वाढवलेल्या मानवी मेंदूच्या गाठींवर वापरला. त्यात एक अडचण होती. जे जनुक काढले होते, त्याच्यावरच असायक्लोव्हिर हे हर्पिसचे औषध अवलंबून असते. म्हणजे विषाणू हाताबाहेर गेला असता तर ते औषध निरुपयोगी ठरले असते. पुढच्या पिढीतील विषाणूंमध्ये ते जनुक जपून ठेवले आणि वेगळी जनुके काढली. असायक्लोव्हिर आज टी-व्हेकवर चालते, ते या सुधारणेमुळे. चीनने २००५ मध्ये एच१०१ या बदललेल्या अडेनोव्हायरसला घशाच्या वरच्या भागातील कर्करोगासाठी केमोथेरपीच्या जोडीने मान्यता दिली, आणि अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये टी-व्हेकला मान्यता मिळाली.

आपण होऊन गोवर किंवा आणखी काही अंगावर घेण्याचा विचार कृपा करून मनातही आणू नये. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला साधा गोवर प्राणघातक ठरू शकतो. ज्यांच्या गाठी विरघळल्या त्यांच्या हकिकती छापल्या गेल्या. ज्यांचा बळी गेला त्यांच्या छापल्या गेल्या नाहीत.

प्रश्न : एका विषाणूशास्त्रज्ञ महिलेने स्वतःच्या स्तनांतील गाठीवर स्वतःच विषाणू वापरून ती बरी केली, अशी बातमी वाचली. मग हा उपचार सर्वांना का मिळत नाही?

उत्तर : बातमी खरी आहे. क्रोएशियातील या संशोधिकेने आपला अनुभव २०२४ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या जागी कर्करोग परत आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेला गोवराच्या लशीचा विषाणू आणि त्यानंतर मुख्यतः जनावरांना होणाऱ्या एका आजाराचा विषाणू गाठीत टोचून घेतला. गाठ लहान झाली, मऊ पडली आणि मग शस्त्रक्रियेने काढली गेली. बातमीत गळणारा भाग पुढचा आहे : त्यानंतर त्यांनी वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे प्रस्थापित औषधही घेतले. कर्करोग परत न येण्याचे श्रेय विषाणू, शस्त्रक्रिया आणि औषध यांच्यात कसे वाटायचे, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. त्या स्वतः विषाणू वाढवण्यात तज्ज्ञ होत्या आणि डॉक्टरांचे त्यांच्यावर सतत लक्ष होते. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे, तरीही हा मार्ग दुसऱ्या कोणासाठी नाही.

प्रश्न : टी-व्हेकने किती रुग्ण बरे होतात? आकडे स्पष्ट सांगावेत.

उत्तर : वर सांगितलेल्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत ४३६ रुग्ण होते. किमान सहा महिने टिकणारा प्रतिसाद टी-व्हेक घेतलेल्यांपैकी १६.३ टक्के जणांत दिसला. केवळ जीएम-सीएसएफची इंजेक्शने घेतलेल्यांमध्ये तो २.१ टक्के होता. आयुर्मानाचा मध्य २३.३ महिने विरुद्ध १८.९ महिने आला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला अगदी थोडक्यासाठी उतरला नाही. म्हणजे बहुसंख्य रुग्णांना टिकाऊ लाभ झाला नाही. ज्यांना झाला, त्यांपैकी अनेकांना तो दीर्घकाळ झाला. हेही ध्यानात घ्यावे, की तुलनेसाठी निवडलेले जीएम-सीएसएफ हे या रोगावरचे फारसे प्रभावी औषध नव्हते आणि ही चाचणी सुरू झाली तेव्हा आजची इम्युनोथेरपीची औषधे उपलब्ध नव्हती.

ती औषधे आल्यावर साहजिकच दोन्ही एकत्र देऊन पाहण्यात आली. त्यांपैकी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या जोडीने टी-व्हेक दिलेल्या पहिल्या २१ रुग्णांपैकी ६२ टक्के जणांच्या गाठी आकसल्या, तेव्हा या क्षेत्रातील सर्वांनाच हुरूप आला होता. मग ६९२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅबसह टी-व्हेक, निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅबसह विषाणू नसलेले इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. रोग आटोक्यात राहण्याचा काळ आणि आयुर्मान या दोन्हींत ठोस फरक आढळला नाही. देवीच्या लशीतील विषाणूवर आधारलेले पेक्सा-व्हेक यकृताच्या कर्करोगावर वापरून पाहिले जात होते. त्याचीही तिसऱ्या टप्प्यातील चाचणी लाभाची शक्यता दिसत नसल्याने २०१९ मध्ये थांबवली गेली.

हे मी निराश करण्यासाठी लिहीत नाही. या उपचाराविषयीच्या बहुतेक बातम्या वीस-पंचवीस रुग्णांच्या पहिल्या टप्प्यातल्या असतात. अशा बातमीत टक्केवारीआधी रुग्णसंख्या पाहावी आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे पाहावे.

प्रश्न : मेंदूच्या गाठीसाठी जपानमध्ये विषाणूचे औषध निघाले आहे का?

उत्तर : होय. टोकियो विद्यापीठातील तोमोकी तोडो यांनी विकसित केलेल्या जी४७ डेल्टा या तीन ठिकाणी जनुकीय बदल केलेल्या हर्पिस विषाणूला जपानने जून २०२१ मध्ये घातक ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ही मान्यता सशर्त आणि ठराविक मुदतीची आहे. त्या मुदतीत अधिक पुरावा गोळा करायचा आहे. कवटीला लहान छिद्र पाडून, स्कॅनच्या आधाराने सुई नेमक्या जागी नेऊन, जास्तीत जास्त सहा वेळा हे औषध गाठीत सोडले जाते. ज्या चाचणीवर मान्यता आधारलेली आहे तिच्यात १९ रुग्ण होते आणि उपचारानंतर एक वर्षाने त्यांपैकी ८४.२ टक्के हयात होते. या रोगाचे स्वरूप ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हा आकडा किती मोठा वाटेल, याची मला कल्पना आहे. मात्र तुलनेसाठी बरोबरीचा दुसरा गट नव्हता, जुन्या नोंदींशी तुलना केलेली होती.

या रुग्णांच्या एमआरआयमध्ये आधी गाठ वाढल्यासारखी दिसे. विषाणूमुळे आलेली सूज आणि धावून आलेल्या प्रतिकारपेशी यांमुळे असे होते. मेलानोमाच्या रुग्णांतही गाठ आधी फुगून मग आकसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पहिल्याच स्कॅनवरून उपचार फसला असा निष्कर्ष काढण्याची घाई डॉक्टर करत नाहीत, ती यामुळे.

प्रश्न : विषाणूंमुळेच काही कर्करोग होतात ना? शिवाय रुग्णाकडून घरच्यांना लागण झाली तर? आमच्या सूनबाई गरोदर आहेत, म्हणून विचारते.

उत्तर : एचपीव्ही, हिपॅटायटिस बी, एप्स्टाईन-बार या विषाणूंमुळे काही कर्करोग होतात, हे खरे आहे. उपचारासाठी ते वापरले जात नाहीत. हर्पिस सिम्प्लेक्स १, अडेनोव्हायरस आणि गोवराचा विषाणू यांची निवड करताना माणसात त्यांच्यामुळे कर्करोग होत नाही, याचा विचार केलेला असतो. गोवराचा विषाणू तर आरएनएचा बनलेला असतो आणि पेशीच्या केंद्रकात शिरतही नाही.

लागण होण्याच्या शक्यतेबाबत आपली काळजी योग्य आहे. टोचलेल्या जागेवर काही काळ जिवंत विषाणू असू शकतो. म्हणून ती जागा प्रत्येक वेळी किमान आठवडाभर, आणि पाणी झिरपत असेल तर त्याहूनही अधिक काळ, हवाबंद पट्टीने झाकून ठेवतात. पट्टी बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि काढलेली पट्टी बंद पिशवीत टाकावी. गरोदर स्त्रीने किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाने पट्टी बदलू नये आणि त्या जागेला हात लावू नये. म्हणजे आपल्या सूनबाईंनी घरात वावरण्यास हरकत नाही. पट्टीचे काम मात्र दुसऱ्या कोणीतरी करावे. त्या जागेचा किंवा पट्टीचा चुकून स्पर्श झालाच, तर साबण व पाण्याने धुवावे आणि ओठांवर किंवा बोटांवर फोड उठल्यास डॉक्टरांना कळवावे.

रुग्णाला स्वतःला बहुधा थकवा, थंडी वाजून ताप, मळमळ आणि टोचलेल्या जागी दुखणे असे त्रास होतात. केमोथेरपीच्या तुलनेत हे सहन होण्याजोगे असतात. ज्यांची प्रतिकारशक्ती अतिशय कमी झाली आहे आणि ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांना हे औषध देत नाहीत.

प्रश्न : लहानपणी गोवराची लस घेतलेली आहे. मग शरीरातील प्रतिपिंडे उपचाराचा विषाणू आधीच मारून टाकणार नाहीत का?

उत्तर : शिरेतून दिल्यास हा अडथळा मोठाच आहे, आणि गाठीत थेट टोचण्याचे ते एक कारण आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१४ मध्ये मज्जेच्या कर्करोगाच्या ज्या दोन रुग्णांविषयी लिहिले, त्यांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे अगदी कमी होती, आणि त्यांना दिलेली मात्रा एक कोटी माणसांच्या लसीकरणाला पुरेल इतकी प्रचंड होती. त्यांपैकी एका स्त्रीच्या शरीरातून रोगाच्या खुणा नाहीशा झाल्या. पुढे अधिक रुग्णांना तो विषाणू दिल्यावर तसा प्रतिसाद सरसकट मिळाला नाही. टी-व्हेकची पहिली मात्रा शंभरपट कमी असते, तीही या प्रश्नाशी निगडित आहे : ज्यांना पूर्वी हर्पिस झालेला नाही त्यांच्या शरीरात आधी थोडी प्रतिपिंडे तयार व्हावीत आणि मोठ्या मात्रेचा त्रास कमी व्हावा, म्हणून तीन आठवड्यांचा अवधी ठेवलेला आहे.

प्रश्न : कार-टी उपचारातही विषाणू वापरतात म्हणे. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही. कार-टीमध्ये, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बदलून त्याला परत देण्याच्या उपचारात, विषाणू फक्त टपाल्याचे काम करतो; शरीराबाहेर काढलेल्या टी पेशींमध्ये नवे जनुक पोहोचवले की त्याचे काम संपते. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळालेले नाडोफाराजीन हेही असेच आहे. त्यातील अडेनोव्हायरस वाढत नाही, पेशी फोडत नाही. तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात इंटरफेरॉनचे जनुक नेऊन देतो आणि दर तीन महिन्यांनी एकदा ते मूत्राशयात सोडावे लागते.

प्रश्न : माझ्या वडिलांना तळपायाचा मेलानोमा आहे. आता तो फुप्फुसांत पसरला आहे आणि इम्युनोथेरपीचा उपयोग झालेला नाही. विषाणूच्या उपचारासाठी धडपड करावी का? आम्ही वेळ वाया घालवत आहोत का, हेही कळत नाही.

उत्तर : आपण वेळ वाया घालवत नाही, माहिती घेणे हाही उपचाराचाच भाग आहे. परंतु आपल्याला खरे ते सांगणे माझे कर्तव्य आहे. टी-व्हेकचा लाभ मुख्यतः ज्यांचा रोग त्वचा आणि लसिकाग्रंथींपुरता मर्यादित आहे त्यांच्यात दिसला. युरोपातील मान्यता तर फुप्फुस, मेंदू, हाडे किंवा इतर आतल्या अवयवांत रोग नसलेल्या रुग्णांपुरतीच आहे. आपल्या वडिलांच्या सध्याच्या स्थितीत त्या औषधामागे धावण्यात हशील नाही, असे माझे मत आहे.

इम्युनोथेरपी निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी नव्या विषाणूंच्या चाचण्या निरनिराळ्या देशांत होत असतात. अशा चाचणीविषयी विचारायला जाताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. ही चाचणी कोणत्या टप्प्यातील आहे? पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा शोधणे हा असतो, आणि ते रुग्णाला आधी कळले पाहिजे. फुप्फुसातील गाठीत सुई घालावी लागणार आहे का, की त्वचेतील एखादी गाठ पुरेल? आधीचे औषध बंद करून किती आठवडे थांबावे लागेल, आणि त्या काळात रोग वाढला तर काय? चाचणीत भाग घेतल्यावर पुढे दुसऱ्या एखाद्या उपचाराची वाट बंद होते का? पैसे भरून घेऊन, चाचणीच्या नोंदणीचा कागद न दाखवता, कोणी विषाणूचा उपचार देऊ करत असेल तर तेथून उठून यावे.

आणखी एक. आपण पत्रासोबत पाठवलेल्या कागदांत बायॉप्सीचा अहवाल आहे, पण गाठीच्या जनुकीय तपासणीचा दिसला नाही. बीआरएएफ या जनुकातील बदल सापडला तर त्यावर गोळ्यांच्या रूपात औषधे आहेत, आणि तळपायाच्या मेलानोमात किट या जनुकाचीही तपासणी करतात. ती झाली आहे का, हे डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारावे. झाली नसेल, तर जुन्या बायॉप्सीचा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा त्यासाठी बहुधा पुरतो, वडिलांना पुन्हा सुई सोसावी लागत नाही.